रंगीत बिस्किटांचा ओव्हन आणि आत्याचं नाक

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे. गॅसवर चालणारा, पायाशी गंज धरलेला, दाराची काच एका कोपऱ्यात धुरकटलेली. आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यातलं थोडं वजा करूनच घ्या. मुठीएवढा गोळा पोटात घ्यायचा आणि फुगवून परत द्यायचा, हा माझा जन्माचा धंदा. गोष्टीही मी तशाच देतो. पण आज सांगणार आहे ती गोष्ट आठवली की माझी जाळी अजून आपोआप खडखडते. ती फुगवायची हिंमत मला होत नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. मला ठोकणारा कारागीर कामाच्या नादात शीळ घालायचा. एकदा त्याचा सूर चुकला, हातोडी चुकली आणि माझी डावी भिंत जरा आत दबली. तेव्हापासून माझ्या डाव्या कोपऱ्यात आच जास्त. लोक याला खोट म्हणतात, मी स्वभाव म्हणतो. तिथून मी एका खाणावळीत गेलो. तिथे मी इतके पाव भाजले, की एकावर एक रचले असते तर चंद्रापर्यंत जिना झाला असता आणि वर न्याहारीपुरते उरलेही असते. खाणावळ बंद पडली तेव्हा एका चष्मेवाल्याने मला घरी नेलं. त्याची बायको म्हणजे आपली आत्या. पुढे चष्मेवाला देवाघरी गेला. आत्या भावाकडे राहायला आली ती एक ट्रंक आणि मला घेऊन.

म्हणजे त्या घरात आम्ही दोघंही पाहुणेच होतो, मित्रांनो. कुणी तसं म्हणत नव्हतं, पण पाहुण्याला ते कुणी म्हणावं लागत नाही.

आत्याचा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर वर-खाली करून संध्याकाळी तो असा काही सपाट पडायचा, की त्याला जेवायला उठवायला लिफ्टच लागली असती. भावजय टपाल कचेरीत काउंटरवर बसायची. आणि त्यांची मुलगी भिंगरी. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी.

सुरुवातीला माझे दिवस वाईट गेले. स्वयंपाकघरात एक नवा विजेचा डबा आला होता. त्याच्या आत ताटली गोल फिरायची आणि काम झालं की तो टिंग करून स्वतःच स्वतःची पाठ थोपटायचा. माझ्या पोटात तवे, झाकणं आणि तुटक्या कानाची कढई कोंबलेली असायची. ज्याच्या पोटात कधी काळी पाव फुगले, त्याच्या पोटात भांडी. अडगळ होणं म्हणजे काय, ते मला विचारा.

मग एक दिवस त्या विजेच्या डब्यात भिंगरीने बिस्किटं करायला घेतली. ती अशी निघाली, की भावाने एक उचलून टेबलावर ठोकलं आणि टेबलाला खोक पडली. आत्या पुढे आली. तिने माझ्या पोटातली भांडी एकेक करून बाहेर काढली, मला आतून पुसलं आणि म्हणाली, "चल, ऊठ आता. दोघांनाही बसून खायची सवय लागेल नाहीतर."

तिथून रंगीत बिस्किटं सुरू झाली. लोणी आणि साखर ती पांढरी होईपर्यंत घोटायची, मैदा मळायची आणि पिठाचे चार भाग करायची. एकेका भागात एकेका फळाच्या जेलीची पूड. स्ट्रॉबेरीचा गुलाबी, संत्र्याचा नारिंगी, लिंबाचा पिवळा, द्राक्षाचा जांभळा. मग भिंगरी त्याच्या गोळ्या वळायची, त्याच पुडीत घोळवायची आणि ग्लासच्या बुडाने चपट्या दाबायची. ट्रे माझ्यात सरकला की वाटायचं, कुणी रंगपेटीच गिळायला दिली.

आता यातली मेख ऐका. साधं बिस्किट तांबूस झालं की झालं, डोळ्यांना कळतं. रंगीत बिस्किटाला तांबूस होऊन चालत नाही. पिवळ्याचा मातकट होतो, गुलाबीचा विटकरी. ते रंग उतरायच्या आत काढावं लागतं, आणि तो क्षण डोळ्यांना दिसत नाही. तो फक्त नाकाला कळतो. कच्च्या पिठाचा वास संपतो आणि लोण्याचा सुरू होतो, त्या दोहोंच्या मधला तो क्षण. आत्या घड्याळाकडे बघायचीच नाही. पाठ माझ्याकडे करून कपडे घड्या करत बसायची, मध्येच हात थांबायचा, उठायची, ट्रे काढायची. कधी म्हणून चुकली नाही.

त्या नाकाचं काय सांगू तुम्हाला! वरच्या मजल्यावरचा घड्याळजी दूध गॅसवर ठेवून विसरला, की ते उतू जायच्या आधी आत्या खालून हाक मारायची. पाहुणा जिन्यात असतानाच त्याच्या खिशातली पेपरमिंटची गोळी ओळखायची. एकदा कोपऱ्यावरच्या न्हाव्याने साबण बदलला, तर आत्या इथे घरात शिंकली. बरं, थोडं वजा करा. पण घरातल्यांनी काही वजा केलं नाही. त्यांनी आपली नाकं जवळजवळ मोडीतच काढली. डाळ लागली का, पोळी शिळी आहे का, मोजा आणखी एक दिवस चालेल का, सगळं आत्याला विचारायचं. आत्याला वास आला म्हणजे वास आहे, आत्याला नाही आला म्हणजे नाही. त्या घराचा तो कायदाच झाला होता.

आणि आत्याला वाटायचं, आपण या घरात आहोत ते या नाकामुळे. मला घासताना ती पुटपुटायची ना, तेव्हा कळायचं. भावाच्या घरी राहायचं तर माणूस कामाचं असावं, एवढंच एक वाक्य, पुन्हा पुन्हा.

मग थंडीत तिला पडसं झालं. सगळ्यांनाच झालं होतं. बाकीच्यांचं गेलं तेव्हा वास परत आला. आत्याचा आला नाही.

हे फक्त मला कळलं, मित्रांनो, आणि मी सांगणार कुणाला? डाव्या कोपऱ्यातली बिस्किटं करपायला लागली होती आणि आत्या माझ्यासमोर उभी राहून शांतपणे गाणं गुणगुणत होती. काचेतून धूर दिसला तेव्हा दचकली. ट्रे काढला, करपलेली वेचून पदराखाली घेतली आणि कुणी यायच्या आत स्वतः खाऊन टाकली. चेहरा जराही वाकडा झाला नाही. चवही गेली होती बहुतेक. मग तिने कांदा फोडून नाकाशी धरला. मग लसूण. मग रॉकेलची बाटली. बाटली तिने पुन्हा एकदा हुंगली आणि जागेवर ठेवून दिली.

पण बाई मोठी हुशार. तिने लगेच दुसरी युक्ती काढली. वास घ्यायचं सोडून ती चेहरे वाचायला लागली. भावाच्या कपाळाला आठी पडली की म्हणायची, डाळ लागलीय वाटतं. बिस्किटं आत असली की भिंगरीला समोर बसवायची. पोरीच्या नाकपुड्या हलल्या की ट्रे बाहेर. घरात कुणाला पत्ता नाही. उलट भावजय एकदा तिच्या टपाल कचेरीतल्या बाईला सांगत होती, की आमच्या ताई आता वास यायच्या आधीच ओळखतात.

मी मात्र तेव्हापासून धास्तावलो होतो. कारण माझ्या पाठीमागे रबराची एक नळी होती. सिलिंडरमधून माझ्यापर्यंत येणारी, माझ्याइतकीच जुनी. ती माझ्या तापलेल्या पाठीला टेकून वळलेली असायची. रोज थोडी भाजायची, रोज थोडी ताठायची. आणि एका सकाळी मला मागून बारीक सुस्कारा ऐकू आला. सापाच्या पिल्लाने झोपेत सोडावा तसा.

माझ्याच पोटात येणारा गॅस तो, मला कळणार नाही होय? मी हादरलो. मी काय करू शकत होतो? आत्याने दार उघडलं तेव्हा मी सगळा जीव एकवटून दार किरकिरवलं. असं किरकिरवलं, की घड्याळजीची सगळी घड्याळं बंद पडली असतील. आत्याने काय करावं? तेलाची वाटी आणली आणि बिजागरीत दोन थेंब सोडले. झालं. माझा आवाजच बंद.

त्या दिवशी सुट्टी होती, सगळे घरी. दुसऱ्या दिवशी भिंगरीच्या वर्गातल्या बाई शाळा सोडून जाणार होत्या आणि भिंगरीने वर्गभर सांगून ठेवलं होतं, की माझी आत्या सगळ्यांना चार रंगांची बिस्किटं देणार आहे. आत्याने सकाळपासूनच पीठ मळायला घेतलं होतं. खिडकी बंद, कारण वाऱ्याने जेलीची पूड उडते.

भाऊ चहाला आला, त्याने नाक फेंदारलं आणि विचारलं, कसला गं वास येतोय. आत्या जेलीचं पाकीट फोडत होती. मान वर न करता म्हणाली, लिंबाचा. त्याने पुन्हा एकदा हुंगलं. त्याच्या तोंडावर शंका दिसत होती, मला स्पष्ट दिसत होती. पण ताई लिंबू म्हणाली म्हणजे लिंबू. कप घेऊन बाहेर गेला आणि पेपर तोंडावर घेऊन आडवा झाला.

मग भावजय आली. तीही दारात थबकली. ती तर काही विचारायलाही गेली नाही. आठवडाभर डिंक आणि लाखेत बसून आपलं नाक बिघडलं, असं तिने परस्पर ठरवलं. कपाटातून थेंबांची बाटली काढली, मान मागे टाकून दोन्ही नाकपुड्यांत थेंब घातले आणि आत्यापुढेच बडबडली, "ताई, तुमच्यासारखं नाक मिळायला नशीब लागतं."

आत्या हसली. ते हसू मला आवडलं नाही.

गॅस हवेपेक्षा जड असतो, मित्रांनो. तो वर जात नाही. फरशीवर पसरतो, सांडलेल्या पाण्यासारखा, कोपरे भरत जातो. आणि फरशीवर कोण बसलं होतं? भिंगरी. ट्रे मांडीवर घेऊन जांभळ्या गोळ्या दाबत. माझ्या पायाशी, नळीपासून हाताच्या अंतरावर.

आत्या काडेपेटी घेऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली. मला पेटवायची तिची रीत ठरलेली. खालची झडप उघडायची, काडी ओढायची, भोकाशी धरायची, मग खटका फिरवायचा. तिने झडप उघडली. काडेपेटी सरकवली. मी आयुष्यभर आगीच्या नावाने जगलो, पण त्या वेळी जगातल्या सगळ्या काड्या ओल्या व्हाव्यात असं मला वाटलं.

"आत्या," भिंगरी म्हणाली, "इथे खाली कसातरीच वास येतोय. कुजलेल्या कोबीसारखा."

आत्याच्या हातात काडी होती. तिने सवयीने भिंगरीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सवयीनेच उत्तर दिलं. "द्राक्षाच्या पुडीचा असेल गं."

भिंगरीने ट्रे उचलला. जांभळ्या गोळ्यांना नाक लावलं. पुन्हा फरशीकडे वाकली, पुन्हा ट्रे हुंगला. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या. मग त्या आठ्या तिने स्वतःच पुसल्या, पाटीवरचं चुकलेलं गणित पुसावं तशा, आणि म्हणाली, "हो. द्राक्षच असेल. मला नाही ना नीट कळत."

आत्या तशीच बसली. काडी पेटीच्या कडेला टेकलेली. मला तिचा चेहरा समोरून दिसत होता, काचेएवढा जवळ. भावाची शंका तिने पाहिली नव्हती, भावजयीचे थेंब हसण्यावारी नेले होते. पण समोरच्या पोरीने स्वतःचं धडधाकट नाक तिच्यासमोर काढून ठेवलं, हे तिने पाहिलं. एक शब्द बोलायचा होता फक्त, आणि तो बोलला की तिच्या हिशेबाने त्या घरातली तिची जागा गेली. न बोलता काडी ओढली की... पण तिला ते ठाऊकच नव्हतं ना. तिला एवढंच ठाऊक होतं, की तिला काही ठाऊक नाही.

तिने काडी परत पेटीत ठेवली.

"भिंगरे, मला वास येत नाही."

"कोबीचा?"

"कशाचाच नाही. थंडीपासून." तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "तुला येतोय ना? मग आहे तो. ट्रे ठेव, ऊठ, चालत बाहेर जा. आईला घे आणि जिन्यात थांब. कुठल्याच बटणाला हात लावू नकोस."

भिंगरी जन्मात पहिल्यांदा न पळता चालत गेली. आत्याने सिलिंडर बंद केला, खिडकी उघडली. तेवढ्यात भाऊ जांभई देत आत आला, फार कोंदटलंय म्हणाला आणि त्याने पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात खाली घे," आत्या म्हणाली. लहानपणी त्याच्या चोऱ्या पकडताना जसं म्हणत असेल, त्याच आवाजात. त्याचा हात आपोआप खाली आला. बटणात ठिणगी असते हे त्याला, रात्रंदिवस विजेत वावरणाऱ्याला, कुणी शिकवायला नको होतं. तो पांढराफटक पडला. मग त्यानेही खरा वास घेतला, बहुतेक कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच.

सगळे जिन्यात जाऊन बसले. मी आत एकटा, उघड्या खिडकीसमोर, वाऱ्यात. पण दार सताड उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. आत्याने पडशापासूनचं सगळं सांगितलं. कांदा, रॉकेल, खाऊन टाकलेली करपलेली बिस्किटं. भाऊ म्हणाला, मला सकाळीच वास आला होता. भावजय म्हणाली, मलाही, आणि मी बाई नाकात औषध घातलं.  

शेवटी आत्या म्हणाली, "आता माझा या घरात उपयोग काय, ते तुम्हीच सांगा."

मी श्वास रोखून धरला. माझं भवितव्यही त्याच वाक्याला बांधलेलं होतं.

भावजयीने पदराने नाक पुसलं, औषधाने की कशाने कोण जाणे. म्हणाली, "ताई, नाक कामातून गेलं म्हणून कोण सांगतं? रोज भिंतीपलीकडून ऐकतोय आम्ही त्याचं काम. वरच्या घड्याळजीलासुद्धा गजर लावावा लागत नाही."

भाऊ खो खो हसला. आत्या आधी चिडली, घोरते ती तूच म्हणाली, मग तिलाही हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. भिंगरीने तिच्या मांडीवर डोकं टेकलं. उपयोगाचं उत्तर कुणी दिलं नाही. पण परत कुणी तो प्रश्नही विचारू दिला नाही.

माझं मात्र काही हसण्यावारी गेलं नाही. गॅसवाला आला. त्याने साबणाचा फेस करून नळीला फासला, आणि वळणाच्या जागी बुडबुडे उठले, टपोरे, एकामागून एक. नळी वाकवली तर ती बिस्किटासारखी मोडली. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि भंगारात द्या म्हणाला. भावाने मान हलवली. मी खरंच सांगतो, मित्रांनो, त्या वेळी माझ्या तळाचा गंजसुद्धा गार पडला.

"नळी म्हातारी झाली होती," आत्या म्हणाली. "ओव्हनने काय केलंय? नवी लांब नळी घाला आणि याला भिंतीपासून पुढे ओढा, म्हणजे टेकणार नाही."

गॅसवाल्याने खांदे उडवले आणि कामाला लागला. नळी बसवता बसवता त्याने सहज विचारलं, एवढा गॅस गळत होता, घरात वास कुणालाच कसा आला नाही?

मोठी माणसं तिघंही फरशीकडे बघायला लागली.

"सगळ्यांना आला होता," भिंगरी म्हणाली.

संध्याकाळी गॅसवाल्याने पुन्हा फेस फासून दाखवला, एकही बुडबुडा आला नाही, आणि मग मला पेटवलं. पीठ वाट बघून थोडं घट्ट झालं होतं. आत्याने सगळ्यांना माझ्यासमोर रांगेत बसवलं आणि नवा कायदा केला. कुणी कुणाला विचारायचं नाही, दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, आपल्या नाकाला काय कळतंय ते सांगायचं. काय भांडले म्हणता! भाऊ म्हणे झालं. भावजय म्हणे अजून मैदाच मैदा येतोय. भिंगरी डोळे मिटून बसली होती. "पिठाचा गेला," ती म्हणाली, आणि जरा थांबून, "लोण्याचा आला." आत्याने ट्रे काढला. गुलाबी ती गुलाबीच, जांभळी ती जांभळीच. फक्त माझ्या डाव्या कोपऱ्यातली दोन पिवळी मातकट झाली. आत्या त्यांवरून मला खूप बोलली, आणि मग ती दोन्ही भावाने खाल्ली.

वास तिचा अजून परत आलेला नाही. कधी कधी ट्रे आत असताना ती हळूच विचारते, भिंगरे, आता कसा येतोय गं? आणि भिंगरी तिला सांगत बसते. गरम इस्त्रीसारखा, म्हणते. बागेतल्या बाकड्यासारखा. आत्या मान डोलावते. मला वाटतं, तिला थोडा पोचतो.

मी मात्र अजून घाबरतो. मागे जरा काही हललं की कान टवकारतो. म्हणून एवढं सांगतो, मित्रांनो. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याच्या पाठीमागे वाकून बघायला मोठ्यांना सांगा. नळी ताठली असेल तर नवी घ्यायला लावा. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही किरकिरतो, आणि तुम्ही तेल घालता. घरातलं एखादं माणूस गप्प गप्प काही लपवत असेल, तर त्याला घाबरवू नका. आणि घरात कुणी कितीही मोठं असो, कितीही शहाणं असो, ते लिंबू म्हणो की द्राक्ष म्हणो, तुम्हाला वास आला ना? मग आला.